चादरी धुणाऱ्या झेलिपाचा बिबट्या

लुआंग्वा नदीकाठच्या एका जंगल सफारीच्या कॅम्पात झेलिपा न्जोवूने बावीस वर्षं पाहुण्यांच्या चादरी धुतल्या. रोज तिच्यासमोरून उघड्या जीप जंगलात जायच्या, पण ती कधी त्यांत बसली नव्हती. तिला जनावरं माहीत होती ती तिच्या मक्यात घुसणारी.

निवृत्तीच्या दिवशी मालकाने विचारलं, "घड्याळ देऊ की रेडिओ?"

"जीप द्या, एका दुपारपुरती. मी आणि आमच्या चर्चात गाणाऱ्या बायका. पाहुण्यांसारखं बसून बघायचंय."

मालक हसला, पण त्याने जीप दिली.

आठजणी ठेवणीतली लुगडी गुंडाळून जीपमध्ये दाटीवाटीने बसल्या. गाइड होता गावातलाच लॅक्सन. "आज्यांनो, आत गेल्यावर तोंडाला कुलूप," तो म्हणाला.

"तुझ्या आईच्या लग्नात तीन दिवस गायलो, तेव्हा नाही कुणी कुलूप घातलं," लेदिस म्हातारी मागून म्हणाली.

नदीवर हत्तीण पिल्लाला पाणी पाजत होती. एरवी शेतातून डबे बडवून हाकलायचं ते जनावर इतकं निवांत झेलिपाने कधी पाहिलंच नव्हतं.

"हीच का गं माझा मका खाणारी?"

"हिची जाऊ असेल," लेदिस म्हणाली, आणि सगळ्या तोंडावर हात ठेवून हसल्या.

"बिबट्याची आशा धरू नका," लॅक्सनने आधीच सांगून टाकलं. "चार दिवस कुणालाच दिसला नाही."

तेवढ्यात मोकळ्या गवतातून पुकू हरणांची शिट्टी आली. पुन्हा आली. लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून झेलिपाने हा आवाज शेकडो वेळा ऐकला होता.

"गाडी वळव. बिबट्या आहे."

"आजी, ती सिंहालाही ओरडतात. आणि सिंह आज याच काठाला आहेत."

"सिंह असता तर एव्हाना पांगली असती. ही जागची हललेली नाहीत. सगळ्यांची तोंडं त्या मोठ्या झाडाकडे आहेत. तू हरणांकडे बघतोस, ती कुठे बघतायत ते बघ की."

लॅक्सनने बघितलं आणि गाडी वळवली.

फांदीवर बिबट्या पाय सोडून पडला होता. झेलिपाच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पुसलंही नाही.

लॅक्सनने वायरलेसवर बातमी दिली. "कुणी शोधला?" पलीकडून प्रश्न आला.

"आपल्या झेलिपा आजींनी."

थोड्याच वेळात दोन जीप आल्या. चार दिवस वाट पाहून कंटाळलेल्या पाहुण्यांनी आधी बिबट्याकडे पाहिलं आणि मग वळून झेलिपापुढे माना लववल्या. बायका गप्प होत्या. गाडी वळणाआड गेली मात्र, आणि त्यांनी असा सूर लावला की जंगलाच्या फाटकावरचा पहारेकरी बाहेर येऊन उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात सकाळीच लॅक्सन तिच्या दारात आला. "आजी, पाहुणे खोळंबलेत. पुढची सीट तुमच्यासाठी ठेवलीय. येता का?"

"माझी मक्याच्या पिठाची न्शिमा चुलीवर आहे," झेलिपा म्हणाली. "जेवून येते. थांबू देत त्यांना."