आंधळ्या कोशिंबिरीचे चार फोटो

अल्बम सुटा झाला म्हणून फोटो नव्याने चिकटवत होते. आंधळ्या कोशिंबिरीचे चार निघाले, चार वेगवेगळ्या सुट्ट्यांमधले. चारही फोटोंत पंचा धाकट्या सुमीच्याच डोळ्यांवर.

"सुमीला राज्य घ्यायला आवडायचं," असं मी तिच्या मुलांनाही सांगत आले. चकताना आम्ही मोठी भावंडं आधी ठरवून तळवे टाकायचो, हे मात्र कधी सांगितलं नाही. लाज वाटली. फोन करून कबूल केलं.

"ताई, मला माहीत होतं. पंच्याखालून दिसायचंही."

"मग पकडलं का नाहीस?"

"पकडलं असतं तर उद्या खेळायला घेतलं असतंत?"

फोटो पुन्हा पाहिले. आम्ही हाताच्या अंतरावर उभे आहोत. तिचे हात भलतीकडेच पसरलेले आहेत.