दुपारची सुट्टी मागणाऱ्या नलिनीताई

नलिनीताई पारखी यांना मी प्रथम भेटले ती आमच्या हिंदीभाषक शहरातल्या फ्रीगंज भागात, त्यांच्या घरी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची होती आणि मला दुसरीकडे कुठेच जागा मिळाली नव्हती. भूगोलाच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर ताईंनी मुलामुलींचा एक छोटा गट जमवला होता. बदलत्या हवामानाविषयी वस्त्यांमध्ये जाऊन बोलणे हे त्याचे काम. ताईंनी एवढेच विचारले, "उन्हात फिरायची हिम्मत आहे?" मी होय म्हटले. "मग बस. आधी पोहे खा."

वितळणाऱ्या हिमनद्यांवर मी मोठे भाषण तयार केले होते. ते ऐकून ताई म्हणाल्या, "बेटा, या लोकांच्या पत्र्याखाली दुपारी काय होतं, ते आधी त्यांना विचार." मी विचारू लागले आणि माझी कमलाबाईंशी ओळख झाली. त्या बांधकामावर मजुरी करत. आमच्या सांगण्यावरून त्यांनी छताला चुना लावला, शेजारणींनाही लावायला लावला. लू लागल्याची, म्हणजे उष्माघाताची, लक्षणे त्या आमच्यापेक्षा चांगली समजावून सांगत.

त्याच वर्षी मे महिन्यात भरदुपारी कमलाबाई कामावर कोसळल्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते.

ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. कमलाबाईंचा नवरा आमच्याकडे न पाहता म्हणाला, "मैडम, उसको तो सब मालूम था. आपने ही सिखाया था. ठेकेदार को भी सिखा देतीं."

ताई जमिनीवर तशाच बसून राहिल्या. कमलाबाईंची शाळकरी मुलगी कोपऱ्यातून आमच्याकडे बघत होती.

परतताना मी म्हटले, "ताई, उद्यापासून मी येणार नाही. काय फायदा झाला आपल्या शिकवण्याचा?"

"नको येऊस. मी रागावणार नाही. पण तो बरोबर बोलला गं. ज्यांच्या हातात काही नाही, त्यांनाच आपण शिकवत राहिलो."

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात ताई त्या ठेकेदाराच्या टावर चौकाजवळच्या ऑफिसात एकट्याच निघाल्याचे कळले. मला घरी बसवेना. मी मागोमाग गेले. दुपारी काम बंद ठेवा, सकाळी लवकर सुरू करा, एवढीच ताईंची मागणी होती. ठेकेदार म्हणाला, "माताजी, काम लेट हुआ तो जवाब कौन देगा?"

"और कमला का जवाब कौन देगा?" ताईंनी विचारले.

त्याने आम्हाला बाहेरची वाट दाखवली.

तो सगळा उन्हाळा आम्ही ठेकेदारांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो. एका ठेकेदाराने ऐकले. त्याने सावलीसाठी हिरवी जाळी बांधली, दुपारची सुट्टी दिली. पुढच्या वर्षी नवे काम हाती येताच त्यानेही ती बंद केली. कॉलेजच्या अहवालात मी 'उपक्रम यशस्वी झाला' असे लिहिले होते. ताईंनी ते वाक्य खोडायला लावले. "कमला गेली आणि आपण यशस्वी? असं लिहू नये," म्हणाल्या.

कमलाबाईंची मुलगी पुढे शाळा सुटल्यावर अभ्यासाला ताईंकडे येऊ लागली. ती आईविषयी बोलत नसे आणि ताईंनी तिला कधी विचारले नाही. जेवायची वेळ झाली की तिचे ताट आपल्याशेजारी मांडत. आज ती नर्सिंग शिकते आहे.

मी आता कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी माझे विद्यार्थी ताईंकडे पाठवते. बरेच जण आठवड्यात परततात. उन्हात पाठवायला पालक तयार नसतात आणि ऊन खरेच वाढले आहे, त्यामुळे त्यांना दोष देववत नाही. ताईंचे गुडघे थकले आहेत. तरीही उन्हाळा लागला की काठी घेऊन त्या ठेकेदारांकडे जातात. बहुतेक वेळा रिकाम्या हातीच परततात.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या नलिनीताईंना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो, असे आम्ही सारे विद्यार्थी मनापासून मागतो. हे मागण्यात आमचा स्वार्थ आहे. या शहरात कामावरचे एकही माणूस उन्हाने दगावले नाही असा उन्हाळा अजून यायचा आहे, आणि तो ताईंनी पाहायलाच हवा.