मडगार्डवरची दोन अक्षरं
पेट्रोल पंपाशेजारी दुचाकी धुणाऱ्या मशीनची घरघर ऐकली की मला शहापूरजवळच्या गावातलं आमचं अंगण आठवतं. त्या पावसाळ्यात भाताची आवणी, म्हणजे लावणी, नुकतीच संपली होती आणि मोठ्या भावाची मोटरसायकल चिखलाने माखली होती. भाऊ आदल्या वर्षी आजाराने गेला होता. गाडी मी चालवत होतो. मागच्या मडगार्डवर त्याने स्वतः ऑइलपेंटने ‘बाय’ लिहिलं होतं. आईला आम्ही बाय म्हणायचो. ती शाळेत गेली नव्हती, पण भावाने बोट धरून शिकवलेला तेवढा एक शब्द तिला वाचता यायचा. बाजारात ती आमची गाडी त्यावरूनच ओळखायची. त्या दिवशी बहिणीचा नवरा मुरबाडहून प्रेशरचं छोटं मशीन घेऊन आला. फवाऱ्याने चिखलाचे पोपडे उडताना पाहून बायला राहवेना. “द्या इकडं, माज्या पोराची गाडी मीच धुनार.” “मामी, घट्ट धरा, नाय तं तुमीच मागं उडाल!” मेहुणा म्हणाला; सासूला तो मामीच म्हणायचा. ती खळखळून हसली आणि तिने फवारा मडगार्डवर धरला. चिखल गेला, त्याबरोबर जुना रंगही पापुद्र्यासारखा निघाला. तिने नळी खाली ठेवली आणि ओल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. “माजं नाव कुठं गेलं रे?” पुढे मी पेंटरकडून तोच शब्द सुबक अक्षरांत लिहून घेतला. तिने तो निरखून पाहिला आणि ती म्हणाली, “हे दुसऱ्या कुनाचं हाय.” आजही एवढंच टोचतं, की तिला येणारा एकुलता एक शब्द तिच्याच हातून धुतला जात होता, आणि वाचता येणारे आम्ही दोघं शेजारी उभे राहून हसत होतो.