शेवटचं कार्ड आईचं

"तिची आई गेली पहाटं. पन तिला काय कळतंय? राहू द्या शाळंत संध्याकाळपर्यंत."

आज सकाळी फोनवर रेश्माचा बाप मला हे म्हणाला. (मुलीचं नाव बदललंय.)

रेश्मा अकरा वर्षांची. बोलत नाही. कासार आंबोलीहून शाळेच्या व्हॅनने येते. आज वेणी न घालताच आली, म्हणून मी फोन केला होता.

मी स्पेशल स्कूलमध्ये मेंटल हेल्थ असिस्टंट. हुद्दा भारदस्त, पण गावात मी "येड्यांच्या शाळंतल्या बाई".

आमच्या मुलांना दिवस चित्रांच्या कार्डांवरून कळतो. प्रार्थना, डबा, खेळ, व्हॅन. एक गोष्ट झाली की मूल ते कार्ड काढून "झालं"च्या खोक्यात टाकतं.

रेश्माचं शेवटचं कार्ड म्हणजे आईचा फोटो. ते खोक्यात जात नाही. ते हातात धरून ती फाट्यावर व्हॅनमधून उतरते आणि न्यायला आलेल्या आईला देते.

तिची आई, शालनवहिनी, पिरंगुटच्या कंपनीतून धापा टाकत यायच्या. कार्ड घ्यायच्या. "आले गं बाई!"

मग रेश्माचा दिवस संपायचा.

आज पिशवीत डबा नव्हता. कार्ड होतं. वहिनींनी कालच ठेवलं असणार.

भांडखोर बाई. "लग्नाला बोलवायचं तर मायलेकी दोघींना बोलवा, न्हाईतर मीबी येत न्हाई," असं भावकीला तोंडावर सुनवायच्या.

आणि त्यांच्याच मयताला लेक नको?

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

हेडबाई म्हणाल्या, "घरचा मामला आहे, तू पडू नकोस."

पडले. व्हॅन काढायला लावली.

माहेरची माणसं यायची होती, म्हणून वहिनी अजून अंगणातच होत्या.

चुलता आडवा आला. "हिला कशाला आनली? वरडंल, तमाशा व्हईल हितं."

"तिची आई आहे ती. बघू दे तिला." माझा आवाज चढला. बायका बाजूला सरकल्या.

रेश्मा सरळ आईपाशी गेली. कार्ड पुढे केलं.

थांबली.

परत पुढे केलं.

मग ओरडली. चुलता म्हणाला होता तशीच. एवढं ट्रेनिंग झालंय माझं, पण यासाठी आमच्याकडे कार्डच नाही.

बाप उठला. तिच्या हातातलं कार्ड घेतलं. "आलो गं बाई," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

रेश्माने ते त्याच्याकडून काढून घेतलं. फोटो बघितला. आईच्या हाताखाली सरकवलं आणि शेजारी बसून राहिली. ओरडणं थांबलं.

कार्ड वहिनींबरोबर गेलं.

निघताना बापाने विचारलं, "म्याडम, कार्डावर माजा फोटू चालंल का?"

चालेल म्हणाले.

दहावा झाला की ती शाळेत येईल. संध्याकाळी फाट्यावर तो उभा असेल. ती त्याला कार्ड देईल की व्हॅनमधून उतरणारच नाही, मला माहीत नाही. भीती वाटतेय.

वहिनी, आज तुमची लेक तुमच्याजवळ होती. आणि तिला कळलं.

शांत निजा.