आमटीचं गाऱ्हाणं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यांचा गैरसमज नको. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. परीक्षानळीत जे दिसतं ते खरं, बाकी सगळ्या चहाबरोबरच्या गप्पा, असं मानणारा मी माणूस. त्यातून गाव माझं मालवणाकडचं. आमच्याकडे दर दोन माडांमागे एक भूत आहे आणि प्रत्येक भुताची नावानिशी माहिती सांगणारा एक काका आहे! लहानपणी मी या काकांना उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडायचो. तरीही... एक गोष्ट माझ्या बाबतीत अशी घडली की तिच्यापुढे माझं सगळं शास्त्र गप्प बसतं. ती भीतीदायक वगैरे मुळीच नाही. खरं तर हसूच येतं. पण घडली, हे नक्की.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातच मोडायचो. कट्टा नावाच्या बाजारगावाला एसटीतून उतरलं की शेताच्या बांधावरून बराच वेळ चालल्यावर आमचं गाव लागतं. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आई आणि मी. थोडं भात, थोडे काजू, दारात एक म्हैस. आईला एकच ध्यास — पोराने शिकायचं. मॅट्रिकला बरे मार्क पडले आणि मास्तरांच्या सांगण्यावरून तिने मला थेट घाटावर, एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पाठवलं. नाव सांगत नाही, उगाच तिथल्या हॉस्टेलच्या पोरांची झोप उडायची.

केवढं ते विद्यापीठ! आमचं अख्खं गाव त्याच्या नुसत्या मैदानात मावलं असतं. पहिले काही दिवस मी वर्ग शोधण्यातच घालवले. एकदा तर इतिहासाच्या वर्गात तास संपेपर्यंत बसलो, कारण उठून जायची लाज वाटली. लेक्चर इंग्रजीत. मी तोंड उघडलं की मालवणी 'गेलो'च्या हेलावरून पोरं हसायची. मला सगळे 'कोकण' म्हणायचे, माझं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. रूममेट जगताप, साताऱ्याकडचा, दिलदार गडी; पण घोरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मेसमध्ये मासे नाहीत, सोलकढी नाही. आमटी अशी पातळ की ताटाचा तळ स्वच्छ दिसायचा. मला घरची इतकी आठवण यायची की दिवसाढवळ्या डोळे भरून यायचे.

शेवटी मी ठरवलं. बस्स झालं. परत जायचं, शेती करायची, आईजवळ राहायचं. तिला तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता, पण तो वाटेत सोडवू असं म्हणून मी ट्रंक भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. फक्त जगतापला सांगितलं होतं. तो बिचारा नुसता ट्रंकेवर बसून राहिला.

तो श्रावणातला पहिला सोमवार होता. संध्याकाळी, जेवणाची घंटा व्हायच्या आधी, सीनियर मुलांनी आम्हा नव्यांना कॉमन रूममध्ये बोलावलं. 'ओळख' करून घ्यायला! कुणाला नाचायला लावलं, कुणाला कोंबड्यासारखं आरवायला. माझी पाळी आली तेव्हा काळे नावाचा मिशाळ सीनियर म्हणाला, "कोकण, तुमच्या गावचं काहीतरी करून दाखव. नाहीतर टेबलावर उभं राहून म्हशीला हाक मार."

म्हशीचं नाव काढलं आणि मला आमच्या दारातली म्हैस आठवली. पण काहीतरी करणं भाग होतं. मला एकच गोष्ट झकास यायची — गाऱ्हाणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे देवासमोर नारळ ठेवून गावकार, म्हणजे गावाचा मानकरी, मोठ्या आवाजात देवाशी बोलतो, लेकरांची सुखदुःखं त्याच्या कानावर घालतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका दमात म्हणतात — "व्हय म्हाराजा!" मागणं कसलंही असो, व्हयच म्हणायचं. आमच्या रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान दाजी गावकारांचा. लहानपणी मी खांबाआड उभा राहून त्यांची हुबेहूब नक्कल करायचो आणि त्यांच्या हातून कान पिळून घ्यायचो.

तर मी हात जोडले, डोळे मिटले आणि दाजींचा आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या हॉस्टेलातली समस्त लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी दचकलो. या पोरांना हे कुणी शिकवलं? मी अजून सांगितलंही नव्हतं! आवाज माझ्या मागून आला होता. मागे तर भिंत. आणि तो आवाज एकट्यादुकट्याचा नव्हता... दगडी मंडपात पाऊस पडत असताना दहा-वीस माणसं बोलावीत तसा घुमणारा, त्यात बायकांचेही आवाज. मुलांच्या हॉस्टेलात बायका कुठल्या? डोळे उघडले तर समोरची पोरंही माना वळवून इकडेतिकडे बघत होती. काळे मात्र खूश. म्हणाला, "वा! कोरस पण आणलाय का? चालू दे!"

मग काय, मला चेव आला.

"मेसातल्या आमटीत ताटाचो तळ दिसता म्हाराजा, ती आमटी वायच घट्ट होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पोरांनीही सूर धरला होता.

"खाटेतले ढेकूण लेकरांचा रगात पितत, तेंका दुसऱ्या हॉस्टेलाची वाट दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"इंग्रजीचो मास्तर काय बोलता ता आमका नाय, तर निदान तेका तरी कळांदे रे म्हाराजा!"

छप्पर उडेल असा गलका झाला. काळे तर खुर्चीवरून घसरला. आणि त्या गडबडीत, हसता हसता, माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं.

"आणि ह्या लेकराचा हंय मन लागणा नाय. तेका तेच्या आवशीकडे परत धाड रे म्हाराजा..."

पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली, "व्हय म्हाराजा!" मी आईकडे परत धाड म्हणतोय, हे त्यांना काय कळतंय! पण माझ्या मागून... काहीच आलं नाही. इतका वेळ प्रत्येक मागण्याला साथ देणारे ते आवाज एकदम बंद. मी थांबलो, वाट पाहिली. काही नाही.

नंतर पोरांनी मला उचलून मेसमध्ये नेलं. आणि खोटं वाटेल, पण त्या दिवशी आमटी घट्ट होती! (आचाऱ्याने खिडकीतून सगळं ऐकलं होतं, हे नंतर कळलं. त्यामुळे हा चमत्कार मी हिशेबात धरत नाही.) जेवताना जगताप हळूच म्हणाला, "कोकण्या, तुझ्या गावची माणसं कुठं दडवून ठेवली होतीस रे? पहिला आवाज आमचा नव्हता."

खोलीवर आलो तर भरलेली ट्रंक समोर. मला त्या गप्प राहण्याने फार अस्वस्थ केलं होतं. गाऱ्हाण्याला व्हय मिळालं नाही, म्हणजे ते मागणं पुढे गेलं नाही. शास्त्र शिकायला आलेला मी, पण रक्त मालवणी! म्हटलं, असू दे, आणखी आठ दिवस बघू. जगतापने ताबडतोब माझी ट्रंक उपसून कपडे खुंटीवर टांगले. त्या आठ दिवसांची पुढे सहा वर्षं झाली.

आता खरी गंमत पुढे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी निघालो. कट्ट्याला एसटीतून पाय खाली टाकतोय तोच समोरच्या किराणा दुकानातून दुकानदार ओरडला, "काय रे बाबू, आमटी घट्ट झाली मां?"

मी जागच्या जागी उभा! आमटीचं मी घरी एका अक्षराने कळवलं नव्हतं. आईला काळजी नको म्हणून पत्रात सगळं छान छान लिहायचो. दुकानदार नुसता हसत होता. म्हणाला, "माका काय इचारतस? दाजींक इचार."

घरी ट्रंक टाकली आणि तसाच देवळात गेलो. दाजी पायरीवर सुपारी कातरत बसले होते. मला बघून त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"ये रे मेल्या! जन्म गेलो माझो गाऱ्हाणी घालण्यात, पण देवाकडे आमटी घट्ट मागणारो तूच पयलो! आणि ता मेस म्हणजे काय रे?"

मग त्यांनी सांगितलं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, दिवेलागणीला, आई माझ्या नावाने नारळ घेऊन देवळात आली होती. गाव जमलेला. बाहेर पाऊस कोसळत होता. दाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि...

"माका ठसको लागलो. नारळ हातात, आणि तोंडातसून शब्द फुटना नाय. अर्धा गाऱ्हाणा सोडूक येणा नाय. इतक्यात खांबाआडसून तुझो आवाज! माका वाटला, इलो हो, परत माझी नक्कल करूक लागलो. सगळ्यांकाच वाटला. म्हणान आमी व्हय म्हटला. ढेकणांक पण म्हटला!"

"मगे?"

"मगे काय! बघलंव तर खांबाआड कोण नाय. जमिनीर ओलो पाय उठलेलो नाय, आणि भायर तर पावस धो धो पडता..." दाजींनी हात जोडले. "पण एक सांगतंय. गाऱ्हाण्याक कोणी नाय म्हटलेला मी जन्मात आयकूक नव्हतंय. ता त्या दिवशी आयकलंय."

"कोणी म्हटला?"

"घराक जा आणि आवशीक इचार."

घरी आई दिवाळीचे पोहे भाजत होती. मी चुलीजवळ जाऊन बसलो आणि सरळ विचारलं. तिने मान वर केली नाही.

"शेवटचा मागणा आयकलंय. सगळ्यांनी व्हय म्हणूक तोंडां उघडल्यानी. मी हात वर केलंय. म्हटलंय, ह्याका कोणी व्हय म्हणू नकात."

"आये, कित्याक?"

"ल्हानपणी तापान फणफणलेलं आसताना तू फणस मागलंस. रडून घर डोक्यार घेतलंस. तेवाय मी नायच म्हटलंय." आणि तिने गरम पोह्यांची मूठ माझ्या हातावर ठेवली. "खा. सुकलंस किती!"

यानंतर हॉस्टेलात दर परीक्षेआधी पोरं माझ्याकडून गाऱ्हाणं घालून घ्यायची. मी उत्साहाने घालायचो, पण मागून तो आवाज पुन्हा कधी आला नाही. मी सगळे तर्क लढवून पाहिले. गावातल्या कुणी पोराने माझी नक्कल केली म्हणावं, तर त्याला मेस, हॉस्टेल, इंग्रजीचा मास्तर कुठून ठाऊक? पोरांनी चेष्टा केली म्हणावं, तर त्यांना 'व्हय म्हाराजा' कुठून ठाऊक? जगताप आता पुण्यात नातवंडं खेळवतो. आजही फोनवर शपथ घेऊन सांगतो, पहिला आवाज आमचा नव्हता! विद्यार्थ्यांना मी प्रयोगाच्या शेवटी निष्कर्ष लिहायला लावायचो. हा निष्कर्ष मला अजून लिहिता आलेला नाही. कुणाला जमला तर जरूर कळवा.

आई थकल्यावर एकदा हा विषय निघाला होता. तेव्हा ती माझ्याकडेच राहायची. मी म्हटलं, "आये, तुका खरांच वाटला काय, मी खांबाआड आसंय म्हणान?"

"वाटला म्हणजे? तुझोच आवाज तो. माका काय वळाखणार नाय?"

"मगे धावत कित्याक नाय इलंस? बघूक तरी!"

ती म्हणाली, "एकदा धरलंय असतंय, तर मगे सोडूक जमला नसता रे."