मावशीची ओळ

आमच्या औंढे गावच्या खाचरात भात लावतानाची, आवणीची गाणी दोघींची होती: आईची आणि शेजारच्या मावशीची. पहिली ओळ आईनं टाकायची, दुसरी मावशीनं उचलायची आणि मग बाकीच्या बायांनी. दुसऱ्या ओळीला आई कधी तोंड लावायची नाही. लहानपणी मी एकदा मध्येच गायले, तर आईचा चिखलाचा हात पाठीत बसला. "ती तिची हाय!" मावशी मात्र खदाखदा हसली होती. भाताची रोपं दिसली की अजून तो गार चिखल पाठीला लागतो.

मावशी गेली आणि आईनं आवणीतलं गाणं सोडलं. माणसं वाकायची, रोपं लागायची, पण सगळं मुक्यानं. मला लय वाईट वाटायचं.

मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला. तिथं येणारा एक तरुण गावाकडच्या गाण्यांचा नवा अल्बम करत होता. मी आईचं नाव सुचवून बसले. आई नाही-नाही म्हणत अखेर तयार झाली. "तिची गाणी तरी ऱ्हातील," म्हणाली.

रेकॉर्डिंगच्या खोलीत तिनं पहिली ओळ म्हटली आणि गप्प बसली.

"काकू, विसरलात का?"

"विसरतीय कशाला? आता तिची ओळ हाय."

तेवढा वेळ थांबून आईनं पुढची ओळ घेतली. गाणंभर हेच.

काही दिवसांनी गाणं फोनवर आलं. मधल्या सगळ्या जागांत बासरी भरलेली. गोड होती, खोटं कशाला बोलू! पण आईचा चेहरा पडला. "ह्यो कोण मधी तोंड घालतोय?" एवढं बोलून ती भांडी घासायला उठली. माझं डोकंच फिरलं. त्या तरुणाला फोन लावला, म्हटलं, बासरी काढा.

"ताई, लोकांना वाटेल गाणं अडलंय."

"वाटू दे की! ती जागा आमच्या मावशीची आहे."

बिचाऱ्यानं काढली, आणि अल्बम तसाच निघाला.

यंदा आवणीला मी रजा टाकून गेले. बांधावर फोन ठेवला, गाणं लावलं. आईची ओळ झाली. मग शांतता, रेकॉर्डिंगमधल्या नुसत्या आईच्या बांगड्या वाजल्या. आणि वाकलेल्या बायांतून मावशीच्या सुनेनं दुसरी ओळ उचलली. कार्ले गावाहून सून म्हणून आलेली ही पोर चार माणसांत कधी तोंड उघडायची नाही. सासूच्या शेजारी आवणी करता करता कधी शिकली, देव जाणे. हेल अगदी मावशीचाच! बाकीच्यांनी लगेच मागं धरली.

आई हातात रोपं घेऊन उभीच राहिली. चिखलाच्या हातानंच तिनं डोळे पुसले. मग फोनमधून पुढची ओळ यायच्या आत तिनं स्वतःच ती टाकली, खणखणीत.

"फोन बंद कर गं," मला म्हणाली. "आमी हाय ना हितं."