कॉम्प्युटरमधला मंगळ

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भंडाऱ्यातल्या एका पितळेच्या भांड्यांच्या दुकानात कॉम्प्युटर आला आणि निम्म्या गावाने आपली अक्कल त्याच्यापाशी नेऊन गहाण ठेवली. दुकानदाराच्या नागपूरच्या साळ्याने तो त्याच्या गळ्यात मारला होता. दुकानाचा मागचा भाग काचेने बंद करून आत कूलर लावला, आणि बाहेर पाटी आली : 'कॉम्प्युटरवर अचूक जन्मपत्रिका'. चपला बाहेर काढायच्या, आत गेल्यावर हळू आवाजात बोलायचं. त्या यंत्राला हार घातलेला मी स्वतः पाहिला आहे. हाच दुकानदार आदल्या वर्षीपर्यंत आहेराच्या भांड्यांवर नावं कोरून द्यायचा. तेव्हा त्याच्यासमोर कोणी आवाज खाली केला नव्हता.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन या घरात आले. पत्रिकेवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही तीसुद्धा मोजायचीच असेल तर नीट मोजावी, एवढं मला कळतं. भंडाऱ्यात तेव्हा हे फारसं कोणाला कळत नव्हतं.

माझ्या नणंदेचं लग्न जमवायचं होतं. तिचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या सिहोऱ्याचा. सासऱ्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवली होती, पत्रिका मात्र कधी केली नव्हती. शहापूरहून एक स्थळ आलं. त्या लोकांना हातची पत्रिका चालत नव्हती, कॉम्प्युटरचीच हवी. सासूबाईंनी काढून आणली. भोकाभोकांच्या कडांचा लांबलचक कागद, आणि त्यात सातव्या घरात मंगळ. शहापूरकरांनी चहासुद्धा पुरा प्यायला नाही. माणसाने सांगितलेला मंगळ असता तर कदाचित शांत वगैरे करून घेतला असता, यंत्राने छापलेल्या मंगळापुढे कोणाचा उपाय नव्हता. नणंद आठ दिवस कोणाशी बोलली नाही. सासूबाईंनी तर तिचं लग्न आता होत नाही असं धरूनच टाकलं.

मी नणंदेला घेऊन त्या दुकानात गेले. म्हटलं, माझ्यासमोर परत काढा.

दुकानदाराने तारीख भरली, वेळ भरली. पुढे पडद्यावर अक्षांश-रेखांश विचारले होते आणि तिथे आकडे आधीच भरलेले होते. त्याने नुसतं एंटर दाबलं.

"हे आकडे कुठले?" मी विचारलं.

"ते आधीपासूनच राहतात ताई. आपण एंटर मारायचं, समोर जायचं."

"बहात्तर अंश म्हणजे मुंबई. ही सिहोऱ्याची आहे."

"आता साळ्यानं भरून देल्ले, तर काही पाहूनच भरले असतील ना जी?"

"म्हणजे आतापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या पत्रिका काढल्या, ते सगळे मुंबईत जन्मले?"

जरा विचार करून तो म्हणाला, "मुंबई मोठी जागा आहे ताई. तिथली पत्रिका कमी कायले राहील?"

आपल्याकडे सूर्य मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो, पंचांगाच्या मागच्या पानावर गावोगावचा हा फरक छापलेला असतो. लग्नराशी त्या अर्ध्या तासाने बदलू शकते आणि घरंही तशीच सरकतात. मी सिहोऱ्याचे आकडे सांगितले, त्याने भरले, आणि मंगळ सातव्या घरातून निमूटपणे सहाव्यात गेला. ज्यांना मानायचा त्यांच्याही दृष्टीने आता तो निरुपद्रवी होता. नणंद पहिल्यांदा हसली. "इतक्यातच गेला वहिनी?" म्हणाली.

"आता ती जुनी खोडून टाका," मी दुकानदाराला म्हटलं.

त्याला मोठा हुरूप आला. खोडण्याची आज्ञा असते, ती त्याने आम्हाला दाखवून एकेक अक्षर दाबत लिहिली आणि नामकरणाच्या थाटात जाहीर केलं, "गेली. आता ब्रह्मदेव आला तरी सापडायची नाही."

मी विश्वास ठेवला. यंत्राला माणसासारखी खोटं बोलण्याची गरज नसावी, असं मला वाटलं होतं.

पुढे भंडाऱ्यातलंच स्थळ आलं. मुलगा तुमसरला नोकरीला, शांत. पाहायला आला तेव्हा नणंदेने पोहे पुढे केले, तर म्हणाला, "तुम्ही घेतले का?" एवढ्या एका प्रश्नावर ती मनाने त्या घरात जाऊन बसली. वडील निवृत्त मास्तर. प्रत्येक वाक्यानंतर थांबून समोरच्याला समजलं की नाही ते पाहायचे. आम्ही नवी पत्रिका दिली, जुळली, सुपारी फोडायचा दिवस ठरला.

आणि एका दुपारी मास्तर एकटेच आले. खिशातून दोन कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. एक आमची नवी पत्रिका. दुसरी, सातव्या घरात मंगळ असलेली.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरातून. शहापूरवाल्यांकडून ऐकलं होतं, मुलीची आणखी एक पत्रिका आहे म्हणून. तो दुकानदार म्हणाला, खोडली, पण आपल्याकडचं काही जात नसते मास्तर, म्हणून काढून देल्ली." त्यांनी मला समजल्याची खात्री करून घेतली. "आता मले सांगा, खोटी होती तर खोडली कायले? खरं माणूस खोडत नसते."

आतल्या दारात नणंद उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि मी पदर खोचला.

"चला मास्तर. दुकानातच सांगते."

"येतो ना... म्हणजे, तुम्ही पण येता?" त्यांनी नणंदेकडे पाहिलं. ती केव्हाच चपला घालून उभी होती.

दुकानदाराला काही चुकलं असं वाटतच नव्हतं. उलट त्याने कौतुकाने समजावलं. साळ्याने नवा प्रोग्राम आणून दिला होता. खोडताना यंत्र फाइल पुसत नाही, नुसतं तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढून टाकतं आणि ही जागा मोकळी असं धरून चालतं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतला मजकूर जसाच्या तसा. नव्या प्रोग्राममध्ये पहिलं अक्षर परत भरलं की फाइल उठून उभी राहते.

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी खोडलंच नाही."

"खोडलं ना ताई! पण खोडलेलं राहतेच."

वास्तविक त्याला हे यंत्र येण्याआधीपासून माहीत असायला हवं होतं. मोडीत आलेल्या भांड्यावरचं जुनं नाव तो घासून काढायचा, भांडं चकचकीत दिसायचं, आणि उजेडात तिरपं धरलं की जुन्या मालकाचं नाव वाचता यायचं. पण पितळेबद्दलची अक्कल काचेच्या आत न्यायची नाही, असा त्याचा काहीतरी नियम असावा.

"मास्तर," मी म्हटलं, "तुमच्या मुलाची पत्रिका कुठली?"

"इथलीच. अचूक आहे."

"मुलगा जन्मला कुठे?"

"भंडाऱ्यात. सरकारी दवाखान्यात."

"भाऊ, यांच्या मुलाची काढा. आकडे भंडाऱ्याचे भरा."

दुकानदाराने भरले. मास्तर पडद्याकडे पाहत होते, मीही. मंगळ पाचव्या घरात होता, तो चौथ्यात येऊन बसला. ज्यांना पत्रिका कळते त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते, चौथ्यातला मंगळ म्हणजे मुलगा मंगळाचा.

मी हे ठरवून केलेलं नव्हतं. मला एवढंच दाखवायचं होतं की आकडे बदलले की घरं हलतात. मंगळ इतक्या तत्परतेने माझ्या बाजूने उभा राहील याची मला कल्पना नव्हती.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मंगळ तिथेच. मग ते आयुष्यात पहिल्यांदाच समजलं की नाही याची वाट न पाहता दुकानदाराला म्हणाले, "खोड रे हे."

"खोडायचं कायले मास्तर?" नणंद मागून बोलली. "खरं माणूस खोडत नसते म्हणता ना जी तुम्ही."

दुकानदार फिसकन हसला आणि लगेच खोकला.

"पोराचा मंगळ कोण पाहते?" मास्तर म्हणाले. "मुलीचाच पाहतात."

"मुलीचा मुंबईतून पाहता, मुलाचा पाहतच नाही. बरं आहे," मी म्हटलं.

"वहिनी, थांबा." नणंदेने मला थांबवलं आणि मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "मामाजी, मी सांगू? राहतील तर दोन्ही राहतील. माझी मुंबईची बी आणि यांची भंडाऱ्याची बी. शहापूरवाले आले, गोंदियावाले आले, ज्याले पाह्यची त्याले पाहू द्या. नाहीतर दोन्ही जातील, आणि घरात कधी पत्रिकेचं नाव निघायचं नाही. तुम्ही सांगा."

लग्नाआधीच तिने त्यांना सासऱ्यांसारखं मामाजी म्हटलं होतं. मास्तरांच्या ते लक्षात आलं.

"दोन्ही जाऊ द्या," ते म्हणाले. "पण पक्की. त्याच्या त्या खोडण्यानं नाही."

सगळ्या पत्रिका एका फ्लॉपीवर होत्या, काळ्या चौकोनी पाकिटातली ती पातळ तबकडी. नक्कल आहे का, मी विचारलं. होती. ती देव्हाऱ्यात ठेवलेली होती, आणि दसऱ्याला तिची गंध-अक्षता वाहून यथासांग पूजा झाली होती. पाकिटाच्या खिडकीतून गंध थेट तबकडीवर. यंत्रात घातली तर घरघर करून त्याने ती वाचायला साफ नकार दिला. जे काम खोडण्याच्या आज्ञेला जमलं नव्हतं, ते दुकानदाराच्या भक्तीने एका सकाळीत उरकलं होतं.

उरली पहिली. नणंदेने काउंटरवरची पत्रा कापायची कातर उचलली.

"अवो ताई, अख्खा भंडारा आहे जी त्यात!" दुकानदार ओरडला.

"भंडारा कुठे आहे?" मी म्हटलं. "मुंबई आहे. ज्यांना हवी असेल त्यांची खऱ्या आकड्यांनी परत काढून द्या."

फ्लॉपी धरायला मास्तरांनी स्वतः हात पुढे केला. पितळ कापणाऱ्या कातरीला तिचं काय, पापड मोडावा तसे तिचे दोन तुकडे झाले. मास्तरांनी आपल्या हातातला तुकडा उलटसुलट करून पाहिला. "आता नाही येत ना रे परत?" त्यांनी विचारलं. दुकानदाराने मान हलवली. त्याचा साळा काय घेऊन येईल याची त्यालाही खात्री नसावी.

लग्न ठरल्या दिवशी झालं. यंत्र विसरलं, पण गावाच्या तोंडात ती फाइल शाबूत होती, आणि तिचं पहिलं अक्षर भरायला कोणी ना कोणी तयारच असायचं. मांडवात पंगत बसली तेव्हा एका म्हातारीने नवरीला न्याहाळून शेजारणीला विचारलंच, आणि ऐकू जाईल असंच विचारलं, "हेच ना वो ते, जिले कॉम्प्युटरात मंगळ निघाला होता?"

मास्तर पंगतीत बुंदी वाढत होते, ते जागीच थांबले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर नणंद हळदीच्या हातांनी बाशिंग सावरत म्हणाली,

"ते मुंबईची पोरगी होती आजी. मी सिहोऱ्याची."

म्हातारीने मान डोलावली. तिला ते पटलं होतं. मास्तरांनी तिच्या पानात बुंदी वाढली, थोडी जास्तच, आणि पुढे गेले.